फाटकाबाहेरचे आजोबा

बाबा,

गिऱ्हाईक लवकर येणार आहे, म्हणून मी शिवणाचं दुकान उघडायला निघतेय. हात जोडते, आज चिमीला बालवाडीत सोडलं की फाटकाबाहेर ठाण मांडून बसू नका. काल बाईंनी पुन्हा मलाच ऐकवलं. तुमची नात रडायची कधीच थांबली. आता गाणी सोडून खिडकीत उभी असते. का, तर म्हणे, "आजोबांना एकट्याने करमत नाही."

तुम्ही तिला सांभाळता म्हणून माझं दुकान चालतंय, हे मी विसरत नाही. आई गेल्यापासून घर खायला उठतं, तेही कळतं. मग सरळ दुकानात या ना. काजं-बटणं पडून आहेत, मशीनशेजारी तुमची खुर्ची ठेवलीय.

तिला एकदाच टाटा करा. ती रडणार नाही. तुम्हीही रडू नका.