अकरा दिवसांची पद्धत

२ जून, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोज पाचशे शब्द. नऊच्या आत. नऊनंतर ही मला भाजी निवडायला बसवते आणि संशोधन मागे पडतं.

विषय पक्का झाला आहे. पुण्याहून समुपदेशनाचं एक त्रैमासिक निघतं. त्यात 'क्षेत्रानुभव' नावाचा विभाग आहे आणि त्याला डिग्री लागत नाही. ही माहिती सारिकाची. सारिका आमच्या मागच्या गल्लीत राहते, कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. रविवारी मी ओट्यावर माझे अनुभव सांगत होतो, तेव्हा ती म्हणाली, काका, हे लिहून काढा. (नेमके शब्द: काका, हे दर रविवारी सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून काढा. अर्थ तोच.)

शेवटची तारीख ३१ ऑगस्ट. भरपूर वेळ आहे.

आजचे शब्द: शून्य. पण आराखडा डोक्यात तयार.

३ जून
प्रस्तावना सुरू. 'एकतीस वर्षे मेहकर-खामगाव-नांदुरा मार्गावर एसटीचा कंडक्टर म्हणून सेवा केली. पदर तोंडात धरून माहेरी निघालेल्या आणि तसाच पदर धरून परत निघालेल्या बाया पाहिल्या. पुस्तके मी नंतर वाचली. आधी माणसे वाचली.' शेवटचं वाक्य हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, चष्मा काढून वाचले असतील.

हिला विनोदाची आवड आहे.

५ जून
पद्धत कागदावर उतरली. लेक सासरहून रागावून आली तर एकही प्रश्न विचारायचा नाही. खाऊपिऊ घालायचं, झोपू द्यायचं. अकरा दिवसांत राग आपोआप निवतो. बाराव्या दिवशी सकाळच्या गाडीनं नेऊन पोचवायचं. वाटेतही विचारायचं नाही. विचारलं की जखम उघडते. मोठमोठ्या पुस्तकांतही इतकी सोपी पद्धत आढळली नाही.

तीन केस निवडल्या. अ: वरवट बकालची राबिया, आमच्या वाहेद ड्रायव्हरची पुतणी. ब: मनकर्णाबाई, बसस्टँडमागच्या. क: स्त्री, वय ३६, वडनेर भोलजी.

क म्हणजे आपली लेक पूनम. पेपरात नाव येत नाही, त्यामुळे अडचण नाही. हिला तूर्त सांगितलेलं नाही.

तिघींपैकी एकही परत आली नाही. यश शंभर टक्के.

११ जून
सहा दिवस लिखाण नाही. लाइट नव्हती. दोन दिवस होती, पण तेव्हा पाहुणे होते. उद्यापासून पहाटे पाचला.

१२ जून. सकाळी ८.४०
आताच उठलो.

१८ जून
सारिकाने कच्चा खर्डा लाल करून परत दिला. सारांश दोनशे शब्दांचा हवा, माझा अकराशे आहे. संदर्भ किमान वीस हवेत. मी दिलेला 'वाहेद, प्रत्यक्ष बोलणे, खामगाव स्टँड, २०११' हा चालत नाही म्हणे. शिवाय तपासणारे लेखकाचं नाव न कळता तपासतात, म्हणून लेखात माझं नाव कुठंही नको. मोजलं, एकेचाळीस ठिकाणी होतं. नाव काढल्यावर लेख वाळलेल्या वांग्यासारखा दिसायला लागला.

तिने समासात लिहिलं होतं: यश कशावरून? मी सांगितलं, परत आल्या नाहीत यावरून. ती म्हणाली, काका, परत न येणं वेगळं आणि सुखात असणं वेगळं. पोरगी हुशार आहे. लग्न व्हायचं आहे, म्हणून तसं वाटतं.

२ जुलै
नवीन भानगड. प्रत्येक केसचं संमतीपत्र लागतं, सहीनिशी. 'माझी माहिती वापरण्यास मी स्वखुशीने परवानगी देत आहे' वगैरे. सारिकाने तीन प्रती काढून दिल्या.

वाहेदला दाखवलं. वीस वर्षं एका गाडीवर काढली आम्ही, तो स्टिअरिंगवर, मी घंटीवर. तो म्हणे, काऊन बे शेषराव, जिंदगीभर लोकायले धकवत गाडीत कोंबलं, कधी विचारलं नाही, बसतं का म्हणून. आता सह्या मांगत फिरून राह्यला.

वाहेदला संशोधनाची शिस्त समजावून सांगितली. त्याने तंबाखू मळत ऐकली. ऐकली असावी.

७ जुलै
मनकर्णाबाईंची सही मिळाली. अंगठा. अर्धं वाचून होण्याआधीच त्यांनी शाईत बुडवला आणि विचारलं, निराधारचे पैसे कधीपासून सुरू होतीन. मी म्हणालो, हे ते नव्हे. त्या म्हणाल्या, असू द्या, मागच्यानंही असंच म्हटलं होतं.

एक झाली. दोन राहिल्या. वेग चांगला आहे.

८ जुलै
सारिका म्हणते, ही संमती धरता येत नाही, बाईंना कळलेलं नाही. मी म्हणालो, कळून सही कोण करतं. ती हसली नाही.

ब वगळली. दोन केसवरही चांगला पेपर होतो. उलट खोलात जाता येतं.

१३ जुलै, रविवार
वरवट बकाल. वाहेद सोबत. राबियाचं कपड्याचं दुकान चांगलं चालतं. गिऱ्हाईक सोडून उठली, चहा केला, काका काका करत होती. मला आनंद वाटला. संमतीपत्र काढलं. तिने वाचलं, अगदी सावकाश. मग वाहेदकडे पाहून म्हणाली, चाचा, तुमी काकाले सांगतलं नाही काय.

राबियाचा तलाक होऊन आठ वर्षं झाली. मी तिला बापाच्या घरी अकरा दिवस ठेवायला लावून परत पोचवलं, त्यानंतर चौथ्या महिन्यात ती निघाली. बापाकडे आली नाही, कारण तिथून पुन्हा बाराव्या दिवशी पोचवतील. मावशीकडे जळगावला गेली. म्हणून 'परत आली नाही'.

ती हे रागानं सांगत नव्हती. बिस्किटं पुढे करत सांगत होती. म्हणाली, काका, तुमी मनानं चांगले, पण तुमच्या गाडीले बिरेकच नव्हता.

येताना वाहेदला विचारलं, आठ वर्षं बोलला काऊन नाही. म्हणे, तू विचारत नसतो ना कोणाले. मले वाटलं, तुले सांगनंही चालत नसन.

शेगावपर्यंत बोललो नाही त्याच्याशी. नंतर भूक लागली.

१४ जुलै
अ वगळली. बाह्य कारणांमुळे प्रतिकूल निष्कर्ष. आता एकच केस, पण ती सर्वात भक्कम. तेरा वर्षं झाली, संसार सुरू आहे, दोन लेकरं. सारिका म्हणाली, एका केसचाही अभ्यास असतो. तिने हेही विचारलं, क तुमच्या नात्यात नाही ना, असेल तर तसं जाहीर करावं लागतं.

मी म्हणालो, जिल्ह्यात सगळेच नात्यात असतात.

२० जुलै
हिने खर्डा वाचला. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर पानं हातात घेऊन बसलेली. 'क तेव्हा फारशी बोलत नसे. त्यावरून राग निवत असल्याचे दिसून आले' या ओळीवर बोट. विचारलं, तिचा हात कसा होता तेव्हा, पाह्यला होता काय. मी म्हणालो, पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालायची. ही म्हणाली, हाव. मे महिन्यात.

पानं ठेवून कपडे वाळत घालायला गेली.

आमची ही, झुंबरबाई, मनाची हळवी आहे. तिला तेव्हाही समजावून सांगितलं होतं की आपण कमी बोललो तर पोरगी लवकर सावरेल. तेव्हापासून ती माझ्याशी त्या विषयावर बोललेली नाही, म्हणजे तिला पटलं होतं.

३ ऑगस्ट, रविवार
वडनेर. पूनमसाठी शेव आणि तिच्या आवडीचे चिक्कू घेतले. ती शिलाई मशीनवर होती. राजकुमारराव शेतात. पोरं क्लासला. बरं झालं, निवांत बोलता येईल.

पूनम बोलायला चांगली आहे. पाणी दिलं, तब्येत विचारली, गाडी कितीची होती विचारलं. दिवाळीला येते तेव्हाही असंच, दोन तास, आणि दुपारच्या गाडीनं परत. मुक्कामाला थांबत नाही. घरात रमलेली बाई अशीच असते, हे मी पेपरातही लिहिलं आहे.

तिला पद्धत, त्रैमासिक, सगळं सांगितलं. लेख वाचून दाखवला. मशीन चालूच होती, पण पायाखालचा वेग कमी झाला होता. शेवटी तिने विचारलं, बाबा, याच्यात मले काय झालं होतं ते कुठं लिहिलं हाय. मी म्हणालो, ते पद्धतीत बसत नाही, आपण प्रश्न विचारत नाही. ती म्हणाली, म्हणजे तुम्हाले माहीत नाही. मी म्हणालो, नाही.

मग सही कशाची करू, म्हणाली.

तिने ब्लाउजला हूक लावायला घेतले. मी उठलो. चिक्कू पिशवीतच राहिले होते, ते काढून ठेवले. संमतीपत्र तिच्याकडेच आहे. विचार करते म्हणाली. सकारात्मक वाटली.

१० ऑगस्ट
निर्णय: प्रश्न विचारायचे. संशोधनात अंतिम टप्प्यावर सुधारणा करता येते. चौदा प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. क्रमांक १: आपण माहेरी कोणत्या महिन्यात आलात? क्रमांक १४: पद्धतीमुळे आपणास लाभ झाला का? होय / बऱ्याच अंशी होय.

१७ ऑगस्ट, रविवार
वडनेर. राजकुमारराव घरीच होते. ओट्यावर माझ्यासाठी खुर्ची टाकली, मामाजी मामाजी करत सोयाबीन, खताची लाइन, सगळं बोलले. पूनम आतून चहा घेऊन आली. कप ठेवताना तिचा हात दिसला. कोपराच्या खाली, मनगटाकडे जाणारा जुना व्रण. तेरा वर्षांत मी हा हात पाहिलाच नव्हता असं नाही. दर दिवाळीला ताट तीच वाढते.

प्रश्नावली खिशातच होती. राजकुमाररावांनी चहात साखर कमी आहे म्हणून आवाज दिला. आवाज साधाच होता. पण पूनम जागची हलली ती फार पटकन.

चारच्या गाडीनं परत.

१८ ऑगस्ट
लिखाण नाही.

१९ ऑगस्ट
नाही.

२४ ऑगस्ट. सकाळी ११
सारिका येऊन गेली. आठवडा राहिला म्हणाली. पेपर तयार आहे, फक्त एक सही, असं सांगितलं. ती म्हणाली, काका, तब्येत बरी आहे ना. पेपराचं काही नसतं, पुढच्या अंकालाही देता येतो.

हिला विचारलं, तुला तेव्हा माहीत होतं? ही म्हणाली, पहिल्याच दिवशी. मी म्हणालो, मग मला सांगायचं. ही म्हणाली, सांगतलं होतं. तुम्ही म्हटलं, बोलू नको, जखम उघडते.

मला हे आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे. पद्धतीत आहे.

२७ ऑगस्ट. दुपारी २.३०
पूनमला फोन केला. या वेळी राजकुमारराव शेतात असतात. प्रश्नावली समोर ठेवली होती, पण क्रमांक एकपासून सुरुवात झाली नाही. एकदम विचारलं, बाई, तुला तेव्हा काय झालं होतं.

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. तो बंद झाला.

ती म्हणाली, आता सांगासारखं काही राह्यलं नाही बाबा. आता तसं होतही नाही, दोन्ही पोरं मोठी झाली, आडवी येतात. तेव्हा सांगाचं होतं. रोज वाटे, आज विचारतीन. तुम्ही आंबे घेऊन आले की वाटे, आता आंबा कापता कापता विचारतीन. तुम्ही म्हणत, खा, गोड हाय. नऊ दिवस वाट पाह्यली.

मी म्हणालो, अकरा.

ती म्हणाली, नऊ. दहाव्या दिवशी तुमची त्या गाडीवर ड्युटी लागली होती. म्हणून नेलं.

मी म्हणालो, नाही, पद्धतच अकरा दिवसांची आहे. हे मी का बोललो ते कळत नाही. ती रागावली नाही. म्हणाली, मग अकरा लिहा. सही पायजे ना, पाठवते.

३० ऑगस्ट
नांदुऱ्याहून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ पाकीट आलं. संमतीपत्र. सही स्पष्ट, तारीख बरोबर, एकही रकाना रिकामा नाही. सोबत चिठ्ठी नव्हती. पाकीट दोनदा उलटं करून पाहिलं.

आता काहीच अडत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ६
सारिका लॅपटॉप घेऊन आली होती. नात्याच्या रकान्यात 'वडील' लिहायला सांगितलं. तिने मान वर करून पाहिलं आणि लिहिलं. मग दिवसांच्या संख्येपाशी मी तिला थांबवलं. म्हटलं, एक खात्री करून घेतो.

नोकरीतल्या रोजनिश्या ट्रंकेत आहेत, सगळ्या. २०१२ सापडायला वेळ लागला नाही. ३० एप्रिलला 'पूनम आली' असं आहे. मधले दिवस कलेक्शन, पंक्चर, आंब्याचा भाव. मग ९ मे.

सारिकाला म्हटलं, तू जा, बाई. ती लॅपटॉप मिटून गेली. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने वही मागितली नाही. तिला दिवस माहीत होते.

पाठवलं नाही.

९ मेची नोंद इथं उतरवून ठेवतो, पूर्ण आहे तेवढी: 'पूनमला वडनेरला सोडले. गाडीला गर्दी नव्हती. ती मागच्या सीटवर बसली. ड्युटीवर असल्याने खाली उतरता आले नाही. नांदुरा वेळेवर.'