तोंडातला बोळा

४ फेब्रु., बुधवार
सुपारी आली. धाकटा दीर हरेश स्वतः घेऊन आला, वर साडी. त्याच्या पोराची हळद २२ला, आणि लग्नातली गाणी, धवले, गाणारी गावात मी एकटीच उरलेय. धवलारीण विधवा का सवाष्ण ते आमच्यात कोण नाय बघत, नायतर हा माझा उंबरा चढला असता? यापुढं नुसतं ह. लिहीन. पुरं नाव लिहायची त्याची लायकी नाय.
गळ्यात ही जाड चेन. मी बोलले, "भावजी, काढून ठेवा जरा, मान मोडंल." हसला नाय.
एक कप चहा प्यायला, तेवढ्यात दोनदा मोरीत. आत गेला की गेलाच. बाहेर आला तो ओटीपोटावर हात दाबून.
ती चाल मना ठाऊक हाय. आमच्या ह्यांचं पण असंच...
तो गेल्यावर सुपारी देवापुढं ठेवली आणि पोटभर हसले.

५ फेब्रु.
का हसले ते लिहिते. मनात ठेवलं तर कुजंल.
हे गेले, त्यांच्या तेराव्याला मांडवात ह. सगळ्यांसमोर बोलला, दादा नको तिकडं जायचा म्हणून नको त्या जागेचा कॅन्सर झाला. आमचे हे! बाजारात भाजी आणायला गेले तरी मना विचारून जायचे. पण गावानं मान डोलावली. माझ्या लेकीची, सुलीची ठरलेली सोयरीक मोडली. पोर पदराखाली तोंड घालून रडायची, आणि हा टपरीवर पान चघळत दादाच्या गोष्टी सांगायचा.
दवाखान्यातली डॉक्टरीण बोललेली, हा प्रोस्टेटचा आजार हाय, सख्ख्या भावानं पन्नाशीच्या आधीच रक्त तपासून घ्यायला पायजे. तेच मी त्याला तेराव्याला सांगायला गेले. माझ्यावर बोट रोखलं. "वैनी, तोंड बंद ठेवा. आमच्या घरात असलं नाय."
सख्खा भाऊ जाऊन तेरा दिस, आणि आमच्या घरात नाय.
बरं बाबा. बंद ठेवलं. आता पण ठेवते. एवढं ऐकणारी वैनी कुठं मिळणार?

८ फेब्रु., रविवार
हळदीत वरबापाला चिडवायचं ते गाणं जुळवलं. भाकऱ्या थापता थापता आलं.
मांडवाच्या मागं ग वरबाप गेला,
पाव्हना आला तरी परत नाय आला.
शेजारची काशी ऐकून लोळली. तिला वाटलं दारूचं गाणं हाय. वाटू दे.
पुढची ओळ तिला नाय ऐकवली. त्यात आजाराचं नाव हाय, भर मांडवात, माईकवर.

१० फेब्रु.
डॉक्टरणीची आज लय आठवण. एवढीशी पोर, डोळ्यांखाली काळं. बायोप्सीनंतर मी तिला विचारलेलं, खरं सांग गो, ह्यांनी काय पाप केलं?
बोलली, मावशी, पापबिप काय नाय. अंगात गाठ वाढू नये म्हणून राखण करणारे जीन असतात. काकांचे पण हायेत. त्यातले काय तुटले नायत, जाग्यावर हायेत, पण त्यांच्यावर बारीक बारीक रसायन चिकटून बसलंय, म्हणून ते गप्प झालेत.
मी बोलले, म्हणजे शेताच्या बांधावर राखण्या उभा हाय, हातात काठी हाय, पण तोंडात बोळा कोंबलाय. डुकरं शिरली तरी ओरडणार कसा.
ती हसली. बोलली, तसंच, पण एवढंच कारण नसतं, अजून बरंच असतं.
बोळा कोणी कोंबला? बोलली, वय, वाडवडलांकडून आलेलं काय काय, पुरतं कोणाला ठाऊक नाय. बाईवरनं नाय, एवढं नक्की.
काढता येतो? या आजारात अजून नाय, शोध चालू हाय. पण लवकर कळलं तर बाकी इलाज हायेत.
आमचं लवकर नव्हतं. हे लाजले, लपवलं. हाडात गेल्यावर कळलं.

१२ फेब्रु., गुरुवार
जाऊ आली, ह.ची बायको मंगल. लुगडं दाखवायचं निमित्त. मग दार लोटून बोलली, लघवीत रक्त दिसलं, कोणाला सांगू देत नायत, बोलतात लगीन होऊ दे. "बाई, तुमी एकदा सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."
तिला गरम वडे वाढले. लुगड्याचा काठ चांगला हाय बोलले. मग बोलले, "मना तोंड बंद ठेवायला सांगितलंय. तुझ्याच नवऱ्यानं."
वडा हातात धरून रडत बसली. तिनं माझं कधी वाकडं केलं नाय. सुली रडायची तवा हीच डबा घेऊन यायची, चोरून.
वडे मना पण गेले नायत.

१३ फेब्रु.
आता बोळा माझ्या तोंडात हाय आणि मीच तो दातांनी धरून बसलेय. खरं सांगू? गोड लागतो. कालच्यापेक्षा जरा कमी.

१५ फेब्रु.
ह. आला. मागच्या दारानं, चेन न घालता.
"वैनी, दादाला पयलं काय झालेलं?"
किती वर्षं ह्या दिवसाची वाट बघितली. ठरवलेलं, तोंडावर हसायचं. हसू आलंच नाय, राग आला. मी बोलले, तुमी ते चारचौघांत बोललात, मग चारचौघांतच विचारा. दादाला काय होतं ते गावाला सांगा, तुमच्या तोंडानं. मग मी सांगते कुठं जायचं, कोणाला भेटायचं. सोबत पण येते.
"हळदीच्या तोंडावर? पाव्हने काय बोलतील?"
"तेराव्याला पण पाव्हनेच होते."
गेला. एवढासा दिसत होता पाठमोरा. बसण्यात, चालण्यात ह्यांच्यासारखा.
कॅन्सर नसला, साधी गाठ वाढली तरी असं सारखं मोरीत जावं लागतं, डॉक्टरीण बोललेली. पण रक्त दिसलं तर थांबू नये, हे पण बोललेली. ते मी त्याला नाय सांगितलं.

१७ फेब्रु., मंगळवार, सकाळ
गल्लीत गाडी उभी. पुढं ह., मागं मंगल. काच खाली करून हळूच बोलला, "वैनी, येता का पनवेलला, दवाखान्यात?"
मी ओटीवरनं, "काय? ऐकू नाय आलं."
जरा मोठ्यानं बोलला. काशी झाडू घेऊन बाहेर आली. समोरचा म्हातारा पण.
"दवाखान्यात कशाला, भावजी?"
ह. काशीकडं बघतो, म्हाताऱ्याकडं बघतो. तोंड उघडतो, मिटतो. मंगल मागनं त्याच्या खांद्याला हात लावतेय.
मी आत आले, नवी साडी नेसले, त्यानंच आणलेली. एका पायात चप्पल हाय. खिडकीशी उभ्यानं लिहितेय. कोपऱ्यात दुसरी चप्पल दिसतेय, घालत नाय.
काशी विचारतेय त्याला, काय झालं रं?
गाडी चालूच हाय. अजून बोलंना.
बोल की रं मेल्या.