दोन दिवसांची झोप

बिश्केक, ११ नोव्हेंबर

आदरणीय बुरुलवहिनी,

तुमची तब्येत बरी असेल, गुडघा फार छळत नसेल, गुरं धडधाकट असतील आणि बटाटे थंडीआधी तळघरात गेले असतील. इकडे आम्ही सगळे ठीक. घरातले रेडिएटर एकदाचे तापायला लागले. रासबेरीचा मुरंबा मिळाला, या वेळी बरणी फुटली नाही. मुलं चमच्याने नुसताच खातात, ब्रेडची वाटही बघत नाहीत.

हे पत्र आणि गुडघ्याचं मलम कोचकोरच्या टॅक्सीवाल्याकडे देते आहे. तुम्ही फोन उचलत नाही. उचललात तरी पाचव्या वाक्याला रडायला लागता आणि माझं बोलणं तिथेच संपतं. कागदावर निदान मला शेवटपर्यंत बोलता येईल.

कारण तसं खास काही नाही. नवी कादंबरी होत आली, शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. तेच जुनं वेळापत्रक. पहाटे उठायचं, काचा लावलेल्या बाल्कनीत अंगावर जुना कोट घेऊन बसायचं, एकेक संवाद मोठ्याने म्हणून बघायचा. शेजारीण भिंत बडवते. तिला वाटतं माझं नवऱ्याशी भांडण चाललंय. माझ्या कादंबरीतल्या बायका मला आधी हातांनी दिसतात, तोंडं मागाहून येतात. मळणारे, दूध काढणारे, लोकर पिंजणारे हात. हे हात कुणाचे, असं लोक विचारतात. मी हसून वेळ मारून नेते. तुमचे असतात वहिनी, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

टीव्हीवाल्यांनी गावात येऊन माझ्यावर कार्यक्रम केला म्हणे. तुम्ही त्यात छान दिसता, असं सगळे सांगतात. मला अजून बघायला वेळ झाला नाही.

खोटं कशाला बोलू? पाहिला. परत परत पाहिला. नवऱ्याने शेवटी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

तुम्ही परातीत तळायच्या बोर्सोकची कणीक मळताय. मागे माझी चारही पुस्तकं मांडलीत, त्यांच्यावर दुधाच्या सायीचा वाडगा ठेवलाय. ती टीव्हीवाली पोर विचारते, "तुमची थोरली मुलगी आजीकडे वाढली ना? त्या दिवशी काय झालं होतं?" आणि तुम्ही हात न थांबवता म्हणता, "व्हायचंय काय? मीच नेऊन दिली. सासूबाईंच्या मांडीवर ठेवली, घरी आले आणि झोपले. दोन दिवस झोपले. इतकी छान झोप मला पुन्हा कधी लागली नाही."

आणि हसलात! वहिनी, तुम्ही हसलात!

दर मुलाखतीत मला समजावून सांगावं लागतं की आमच्याकडे थोरलं नातवंड आजीआजोबा आपलं म्हणून वाढवतात. म्हणून मी आजीला आई म्हणते, जन्मदात्रीला वहिनी म्हणते आणि सख्ख्या बापाला जुमाशदादा म्हणत आले. शहरातले लोक माना डोलावतात. मग हळूच विचारतात, "पण त्या आईला काय वाटलं असेल?" त्याच प्रश्नावर मी जगले, वहिनी. तेवढ्यासाठी लिहायला बसले. चार कादंबऱ्यांत चार वेगवेगळ्या बायका आहेत. एक युद्धातली, एक लोकरीच्या गिरणीतली, एक मेंढपाळाची बायको, एक मास्तरीण. आणि चौघींच्या दारातून सासू मूल हिसकावून नेते आणि त्या अनवाणी घोड्यामागे धावतात. विद्यापीठातल्या एका मुलीने त्या धावण्यावर प्रबंध लिहिलाय. अभ्यासक म्हणतात ही माझी खूण आहे. कसली खूण, डोंबल! धावलंच नव्हतं कुणी. बाई झोपली होती!

मी तुम्हाला विचारलं नव्हतं का? बटाटे काढताना विचारलं, जुमाशदादाच्या वर्षश्राद्धाला विचारलं, तुमच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात उशाशी बसून विचारलं. दर वेळी तुम्ही रुमालाच्या टोकाने डोळे पुसलेत आणि म्हणालात, "जाऊ दे गं, झालं ते झालं." आता तुम्हीच सांगा, यावरून मी काय समजायचं होतं? मूग गिळून बसायचं होतं तर पूर्ण बसायचं होतं. ते डोळे कशाला पुसलेत?

पण माझा संताप माझ्यासाठी नाहीच. मी पुस्तकं विकली, बक्षिसं घेतली, माझं काय वाईट झालं? माझा संताप आईसाठी, कुलीपासाठी आहे.

प्रत्येक कादंबरी छापून आली की मी तिला वाचून दाखवायची. सासू मूल हिसकावते त्या पानावर आले की ती लोकर कातायची चाती थांबवायची. पूर्ण ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "बरं जमलंय. पण ती सासू आणखी दुष्ट कर. ऐकणाऱ्याचं डोकं फिरलं पाहिजे." मला वाटायचं, म्हातारी पापाची कबुली देते आहे. मला तिचं कौतुक वाटायचं आणि तिच्याबद्दल जरा किळसही वाटायची. हो, किळस! जिच्या कुशीत झोपून मी मोठी झाले तिची. ही किळस तुम्ही मला दिलीत.

नारिन शहरातला माझ्या पुस्तकाचा कार्यक्रम आठवतो? लोकांनी तुम्हाला शाल दिली, फुलं दिली, बायका तुमच्या गळ्यात पडून रडल्या. आई पहिल्या रांगेत पांढरा रुमाल बांधून बसली होती. एक बाई तरातरा तिच्याकडे गेली आणि भर सभागृहात म्हणाली, "तूच ना ती चेटकीण सासू? देव तुला बघून घेईल!" आई म्हणाली, "हो, मीच ती. बाहेर चहा ठेवलाय, घेतलास का?" आणि तुम्ही चार पावलांवर ती फुलं कवटाळून उभ्या होतात. फोटो आहे माझ्याकडे. एक शब्द बोलला नाहीत. आई गेली त्याला दोन वर्षं होतील. ती चेटकीण म्हणून गेली, वहिनी. माझ्या हातून झाली, तुमच्या मुक्या तोंडामुळे झाली.

नवीन वर्षाच्या आत मला हस्तलिखित द्यायचंय. या पाचव्या कादंबरीत कुणाचा मुखवटा नाही. ती तुमची, आईची आणि माझी आहे. शेवटचं प्रकरण म्हणजे तो दिवस. मी लिहिलेला तो दिवस मी परवा फाडला. आता मला सरळ सांगा. का दिलंत? आणि आई का गप्प राहिली? उत्तर आलं नाही तर मला दिसेल तसं लिहीन, आणि या खेपेला चेटकीण कोण असेल ते तुम्हाला सांगायला नको.

कुलीपाची मुलगी,
जीपार


गाव, २३ नोव्हेंबर

जीपार,

पत्र मिळालं, मलम मिळालं. गुडघा आहे तसाच आहे. बटाटे भरून झाले. तांबडी गाय विकली, आता एकटीला दोन गाई झेपत नाहीत. बर्फ पडलाय. तुझ्या मुलांना थोडं सुकवलेलं मांस पाठवते, नवऱ्याला सांग उकळताना मीठ बेताने घाल.

तुझी धमकी वाचली. कर चेटकीण. त्याला भिण्याचं माझं वय गेलं.

तू मला विचारलंस म्हणतेस. काय विचारलंस ते तुला आठवतं का? मला शब्द न् शब्द आठवतो. "आई आली तेव्हा तुम्ही कुठल्या दारात उभ्या होतात?" "घोड्यामागे किती लांब धावलात?" "दूध किती दिवस येत राहिलं?" बाई गं, मी धावलेच नव्हते तर किती लांब ते कुठून सांगू? तुझं सगळं आधीच ठरलेलं होतं. तुला माझ्याकडून फक्त रडणं हवं होतं, ते मी देत गेले. माझ्याकडे तुला द्यायला दुसरं होतं काय? आणि तू आलीस की मला खरंच रडू यायचं. ते तुझ्या पुस्तकासाठी नव्हतं एवढंच.

त्या टीव्हीवाल्या पोरीने विचारलं, त्या दिवशी काय झालं. विचारलं आणि गप्प बसली. मी कणीक मळत राहिले तरी गप्प बसली. तिला काहीच आधी ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं. हसले म्हणतेस, तर हो, हसले. पुढची गोष्ट जिभेवर आली होती, ती गिळायची होती.

ती आता ऐक. लेखिका आहेस ना? मग मध्ये डोळे मिटू नकोस.

तू सात महिन्यांची होतीस. जुमाश ट्रक घेऊन घाटापलीकडे गेला होता आणि बर्फाने रस्ता बंद झाला होता. मी एकोणीस वर्षांची. तू रडायचीस. पोट भरलं तरी रडायचीस, कुशीत घेतलं तरी रडायचीस. पहाटे सामुदायिक शेताच्या गाई पिळायच्या, मग घरची, मग तू. मला आठवडेच्या आठवडे झोप नव्हती. मी तुझ्याशी बोलणं सोडून दिलं होतं. एका सकाळी मी तुला गोधडीत गुंडाळलं, दाराबाहेर बर्फावर ठेवलं, आत आले आणि कडी लावली. चहा ओतला आणि प्यायले. साखर घातली होती. तुझं रडणं ऐकू येत होतं, मग ऐकू येईनासं झालं.

मग मी दार उघडलं.

तू जागी होतीस. रडत नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस. मी तुला उचललं आणि तशीच ओढा ओलांडून सासूबाईंकडे गेले. पायात जुमाशचे बूट होते. त्या मेंढ्यांना चारा घालून उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी तुला त्यांच्या मांडीवर दिलं आणि काय केलं ते सांगितलं. मला वाटलं मारतील. मारायला हव्या होत्या.

त्यांनी आधी तुझे पाय उघडून पाहिले, तोंडाने ऊब दिली. मग म्हणाल्या, "हे पुन्हा तोंडातून काढू नकोस. थोरलं मूल आम्ही घेतोच, रीतच आहे. मी हिसकावून नेली म्हणून सांग. कुणाला शंका येणार नाही. तू दिलीस म्हटलं तर गाव तुला जगू देणार नाही. आणि उद्या ही पोरगी मोठी होऊन विचारेल. सासूला ती माफ करेल गं, तुला नाही करणार. जा, झोप आता."

म्हणून मी झोपले. समजलं का कसली छान झोप होती ती? तू जिवंत होतीस आणि माझ्या हाताला लागणार नव्हतीस.

पुढे तू शिकलीस, शहाणी झालीस, तुझी पुस्तकं आली. सगळ्या खोऱ्याला तुझा अभिमान. मी तो खोटेपणा पांघरून बसलेली. मला काय सोपं होतं? लोक गळ्यात पडून रडायचे आणि मला वाटायचं यांना ढकलून द्यावं. नारिनचं बोललीस, तर तेही ऐक. परत येताना गाडीत मी सासूबाईंना म्हणाले, "आई, मी आता सांगून टाकते. तुम्हाला लोक काय काय बोलतात, मला नाही सहन होत." त्या म्हणाल्या, "पोरीचं पुस्तक चाललंय ना? मग तोंड मिट." आणि वर म्हणाल्या, "ती बाई मला चेटकीण म्हणाली, किती चिडली होती बघितलंस? आपली जीपार लिहितेच तशी." घर येईपर्यंत त्या बाईची नक्कल करून हसत होत्या.

तू तिला चेटकीण केलंस म्हणून ती दुःखात गेली असं तुला वाटत असेल तर तू तिला ओळखलंच नाहीस. पण मला तिचा हेवा वाटतो हे सांगते. तिने खोटं बोलून आई म्हणवून घेतलं. मला खरं बोलूनही तुझं असं पत्र आलं.

ती गेली आणि तिला दिलेला शब्द संपला. आता मी कुणाची बांधील नाही. तुलाही भीत नाही.

तेव्हा लिही. कुणाचा मुखवटा घालायचा नाही म्हणतेस ना, मग सगळं लिही. मी तुला बर्फात ठेवलं हे लिही. दार उघडलं हेही लिही, ते मला कुणी उघडायला लावलं नव्हतं. आणि मग तुला देऊन टाकलं, कारण दुसऱ्या खेपेला उघडेन याची माझी मला खात्री नव्हती. यातलं कुठलं काम आईचं नव्हतं ते तूच ठरव.

बुरुल