टागेदादाच्या घरची मेजवानी

कोपनहेगन, नोव्हेंबर १९४७

टागेदादा,

वहिनी आजारी आहे, इंग्रज पाहुण्यांचं तू बघ, म्हणालास, म्हणून मी आले. दिवाणखान्यात विंडिंग उभा होता. माझ्या एगिलला जर्मनांच्या हवाली करणारा विंडिंग!

तू मला स्वयंपाकघरात ओढलंस. "बोडिल, तमाशा नको. इंग्रजांना त्याचं लोणी हवंय, आपल्याला त्यांचा कोळसा."

"आणि कोर्टातली तुझी साक्ष?"

"मागे घेतली. पुरावा कच्चा होता."

"कच्चा? त्यानं एगिलकडे बोट दाखवलं तेव्हा खिडकीत तूच उभा होतास ना?"

"गेलेल्याला थंडी वाजत नाही गं. जिवंतांना वाजते."

मी बाहेर आले. विंडिंगनं माझ्यासाठी अदबीनं खुर्ची ओढली. मी बसले नाही. सगळ्यांदेखत इंग्रजीत म्हणाले, "या माणसानं माझ्या नवऱ्याला पकडून दिलं. माझ्या भावानं ते डोळ्यांनी पाहिलंय."

सगळे तुझ्याकडे बघू लागले. आणि तू हसलास! "माफ करा, नवरा गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नसतं."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. एका म्हाताऱ्या इंग्रजानं तर मायेनं मला पाण्याचा ग्लास दिला. विंडिंगनं मान खाली घातली होती, दादा. तू तेवढंही केलं नाहीस.

उद्या मी एकटीच कोर्टात जाणार आहे. हे पत्र मात्र टपालपेटीत टाकणार नाही. माझ्या वेडाचा पुरावा म्हणून तू तेच दाखवशील.

पूर्ण शुद्धीवर असलेली,
बोडिल