बसून घेतलेलं माप

मंगळवार, २ सप्टेंबर

शुक्रवारच्या नोंदीत मी लिहिलं होतं – ‘नव्या बुटाने डाव्या करंगळीपाशी फोड आणला.’ एका वाक्यात तीन चुका. फोड नाही, हाड आहे. दाबलं तर फुटत नाही, हलतही नाही. बूट नवा नाही, चार महिने पायात आहे. आणि ‘बुटाने आणला’ हे सिद्ध झालेलं नाही. बूट बाबांनी केलेला आहे. पुराव्याशिवाय असं लिहायला नको होतं, इथेसुद्धा.

तर दुरुस्त नोंद अशी : डाव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या अंगाला, वाटाण्याएवढा टणक उंचवटा. वर कातडी लाल. उजव्या पायालाही आहे, पण तो अजून गप्प आहे.

चार दिवस लपवते आहे. जोडे शिवणाऱ्याची मुलगी जोड्यामुळे लंगडते, हे गिऱ्हाइकाने पाहिलं तर दुकान बंदच करावं लागेल. बाबा दिवसातून एकदा तरी म्हणतात, “माझा जोडा आजवर कुणाला चावलेला नाही.” तेव्हा मी सरळ चालते. पाठ वळली की फळीला धरून चालते.

बुधवार, ३ सप्टेंबर

आत्याने पकडलं. ती मशीनवर बुटांचे वरचे भाग शिवत होती, मी टेबलाखाली पाय चोळत होते.

“काय गं, मुंगी चावली?”

“हो.”

“मुंगी रोज तिथेच चावते वाटतं.”

मग दाखवावाच लागला. तिने चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि म्हणाली, “ही गाठ होय! ही तर मला बाविसाव्या वर्षापासून आहे.” दोन्ही पाय चपलेतून काढून दाखवले. माझा वाटाणा, तर तिचं बोरच. म्हटलं, कधी बोलली नाहीस. “त्यात बोलायचं काय? मला वाटलं पाय असाच असतो. तुझ्या बाबांनाही आहे. आपल्या घरात सगळ्यांना आहे.”

म्हणजे आम्ही तीन पिढ्या जगाचे पाय हातात धरतो आणि घरचा पाय वेगळा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्याकडे ते अवयवांत जमा आहे.

गुरुवार, ४ सप्टेंबर

मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसले. हाड जागच्या जागी. पाय मात्र स्वच्छ झाला.

शनिवार, ६ सप्टेंबर

हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. घरी सांगितलं, दोरा आणायला जाते. येताना खरंच दोरा आणला, म्हणजे ते खोटं ठरू नये.

आधी एक्स-रेचा फोटो. मी सवयीने खुर्चीवर बसून पाय पुढे केला. तिथली बाई म्हणाली, “बसून नाही. या पट्टीवर उभ्या राहा. दोन्ही पायांवर सारखा भार द्या.” मी विचारलं, का? ती म्हणाली, “भार पडल्याशिवाय पाय खरा दिसत नाही.” तिने हे इतकं सहज सांगितलं, जसं आपण म्हणतो दार ढकला.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून समजावलं. करंगळीकडे जाणारं जे लांब हाड आहे, त्याचं टोक बाहेर झुकलं आहे. नवं हाड उगवलेलं नाही. बूट पुढे अरुंद असला की तिथे घासतो, घासलं की सुजतं, सुजलं की आणखी घासतं. पायाची ठेवण घराण्यातून येते. दुखणं बहुतेक वेळा बुटातून.

उपाय : पुढे रुंद आणि मऊ जोडा. उंचवट्याभोवती मऊ गादीचं वर्तुळ, वर नाही, भोवती. दुखेल तेव्हा कापडात गुंडाळून बर्फ, पंधरा मिनिटं. सूज उतरायचं मलम. इतकं करूनही काही महिने दुखतच राहिलं तर छोटं ऑपरेशन, हाड कापून आत सरकवतात. “पण नव्वद टक्के काम जोडा बदलून होतं,” असं काहीसं म्हणाले. टक्केवारी त्यांनी हवेत हात फिरवून सांगितली, म्हणून ती मी पक्की धरत नाही.

हेही म्हणाले की पूर्वी मांडी घालून शिवणाऱ्या शिंप्यांना ही गाठ फार व्हायची, तिचं नावच शिंप्यांवरून पडलं आहे. मला एकदम बरं वाटलं. दोष दुसऱ्या धंद्यावर गेला.

मग विचारलं, “जोडे कुठून घेता?”

“ओळखीचे आहेत.”

“मग त्या ओळखीच्यांना सांगा, पुढून मोकळा करा म्हणावं.”

“सांगते,” म्हटलं. कधी ते त्यांनी विचारलं नाही.

रविवार, ७ सप्टेंबर

आज दुपारी दुकान बंद असताना दोन कागद घेतले. एकावर बसून पायाभोवती पेन्सिल फिरवली, दुसऱ्यावर उभी राहून. (उभ्याने स्वतःची पेन्सिल फिरवता येत नाही. आत्याला बोलावलं. ती हसत हसत जमिनीवर बसली.) पंजा रुंदीला, बसून अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर. उभ्याने चौऱ्याण्णव. पुन्हा मोजलं. तेवढंच. आत्याचा सात मिलिमीटर वाढला. ती म्हणाली, “म्हणजे उभी राहिले की मी दुसरीच बाई होते.”

आमच्याकडे माप नेहमी बसवून घेतात. आजोबांचा, म्हणजे आप्पांचा, नियम. आप्पा म्हणतात, गिऱ्हाईक आलं की आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग पायाला हात लावायचा. उभ्याने माप घेणं म्हणजे माणसाला घालवून देणं. त्यांनी ते बाबांना शिकवलं, बाबांनी मला. मी शाळेत आठव्या वर्षी गेले, त्याआधी सगळं इथेच शिकले. चामड्याच्या तुकड्यांवर खडूने अक्षरं, पावलांच्या लांबीवर बेरीज-वजाबाकी. बसवून माप घेणं मी ‘अ’च्याही आधी शिकले असेन.

आणि मागच्या आठवड्यात मी रुग्णालयात जाऊन बत्तीस नर्सेसची मापं घेतली. आमची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. बत्तीस जणींना मी आग्रहाने बसवलं. एक म्हणाली होती, “अहो, दिवसभरात आज पहिल्यांदा बसतेय.”

दिवसभर उभ्या राहणाऱ्या बत्तीस बायका. सगळ्या बसून मोजलेल्या. माझ्या हाताने.

सकाळी आप्पा आले होते. त्र्याऐंशी वय, दर रविवारी दहाला हजर. तयार जोड्यात अंगठा घालून फिरवतात आणि काही बोलत नाहीत, तेच प्रशस्तिपत्र. बाबा छप्पन्न वर्षांचे आहेत, पण त्या वेळी गृहपाठ दाखवणाऱ्या मुलासारखे उभे असतात. आज आप्पा म्हणाले, “नर्सेसच्या मापाचे लाकडी साचे मी स्वतः तपासणार. सोमवारी, पंधरा तारखेला, चामडं कापायला बसू. मापाबाहेर केसभर गेलेलं मला चालणार नाही.”

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज चहाच्या वेळी बाबांना सांगायचं ठरवलं होतं. न सांगण्याची कारणं, प्रामाणिकपणे : चहा गरम होता. मग चहा गार झाला. मग गिऱ्हाईक आलं. मग गिऱ्हाईक गेलं आणि बाबा शीळ घालायला लागले. शीळ घालणाऱ्या माणसाला कसं सांगणार?

संध्याकाळी रुग्णालयाच्या मोठ्या सिस्टर स्वतः डोकावल्या, जोडे कधी मिळणार विचारायला. त्यांच्या पायातल्या बुटाला करंगळीपाशी ब्लेडने चीर दिलेली. माझं लक्ष गेलेलं पाहून म्हणाल्या, “बाजारातले सगळे इथेच चावतात हो. म्हणून तर तुमच्याकडे आलो.”

बाबा म्हणाले, “माझा जोडा आजवर...”

मी आत जाऊन दोऱ्याची रिळं उगाच रंगवार लावली.

बुधवार, १० सप्टेंबर

सांगितलं.

बाबा सोल घासत होते. मी म्हटलं, “बाबा, तुमचा जोडा मला चावतो.” दुसरी कितीतरी वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आलं नाही. त्यांनी कानस खाली ठेवली आणि हात पुढे केला. मी पाय दिला. अंगठ्याने बरोब्बर तिथे दाबलं.

“दुखतं?”

“नाही.”

“मग पाय का ओढलास?”

डॉक्टर, फोटो, दोन कागद, सहा मिलिमीटर, बत्तीस नर्सेस, सगळं सांगून टाकलं. त्यांनी कानस उचलली, पुन्हा खाली ठेवली, आणि आतल्या खोलीत गेले.

आत्या मशीन न थांबवता म्हणाली, “झालं. दादा आता दोन दिवस मुका.”

गुरुवार, ११ सप्टेंबर

एकच दिवस मुके राहिले. दुपारी हाक मारली. जुन्या साच्यांच्या कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर एकाच पायाच्या दोन रेघा, एक आत, एक बाहेर. आतल्या रेघेवर लिहिलेलं ‘बसून’, बाहेरच्या रेघेवर ‘उभा’. अक्षर बाबांचं, खाली तारीख.

मी तारीख दोनदा वाचली. “तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग?”

“मग काय. आप्पांना सांगणार होतो.”

“कधी?”

“त्याच आठवड्यात.”

“बाबा, कागद एकोणतीस वर्षांचा आहे.”

“आठवडा लांबला,” ते म्हणाले.

मग बाकीचं हळूहळू बाहेर आलं. जोडा चढवण्याआधी गिऱ्हाइकाच्या लाकडी साच्यावर ते करंगळीच्या बाजूला चामड्याची एक पातळ पट्टी चिकटवतात, गुपचूप. जोडा झाला की पट्टी सोलून ठेवतात. अंदाजाने, पण चालून जातं. म्हणूनच त्यांचा जोडा कुणाला चावत नाही. घरच्यांचे साचे मात्र आप्पा ओळखतात. तिथे पट्टी लावायची हिंमत झाली नाही.

म्हणजे सगळ्या गावाचे पाय मोकळे, आणि नियम पाळले फक्त आम्ही. मी हसायला लागले. बाबा आधी रागावले, मग तेही हसले. आत्याने मशीन थांबवून विचारलं, “काय झालं?” सांगितल्यावर तिने आपला बूट काढून बाबांच्या दिशेने फेकला. लागला नाही. तिचा नेम कच्चा आहे.

हसून झाल्यावर बाबा म्हणाले, “पण सोमवारी साचे आप्पांच्या हातात असणार. बत्तीस पट्ट्या कुठे लपवू?”

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मोठ्या सिस्टरना फोन केला. म्हटलं, मापं पुन्हा घ्यायची आहेत, चूक माझी. उद्या सकाळी पाळी बदलताना बत्तीसही जणी उभ्या राहणार आहेत.

बाबा म्हणाले, “आप्पांना मी सांगतो. पुढच्या आठवड्यात.” मग स्वतःच थांबले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी सांगणार. रविवार, १४ सप्टेंबर, सकाळी दहा. आप्पा उभे असतानाच.