अर्ध्या पोटाचा ढेकर

९ जानेवारी १९७३, काष्टी

पुन्हा पोटात गुबारा! सकाळी चार घास मऊ भात, घोटभर दूध — आणि पोट नगाऱ्यासारखं. अल्सरपायी नगरला पोटाची अर्धी पिशवी कापून काढली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "गुरुजी, आता थोडं थोडं खायचं. दिवसातून सहा वेळा."

सहा वेळा! अख्खं गाव सरकारी मिलोच्या, त्या अमेरिकी ज्वारीच्या, लाल भाकरीवर दुष्काळ काढतंय, आणि मी सहा वेळा ताटावर. तांदूळ हिचा, रतनचा, भाऊ सूर्यभान अकोले तालुक्यातून पाठवतो. तो फक्त मला. रतन मिलो खाते. लाज वाटते.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. आज वर्गातल्या एकीने हातावर तिळगूळ ठेवला. नाही म्हणवेना. थोड्या वेळात दरदरून घाम, छातीत धडधड, वर्गातच बसकण मारली. गोड चालत नाही हे माहीत असून खाल्लं. रतन भडकली — "आता जिभेचंबी आपरेशन करून घ्या!"

१७ जानेवारी

भिंतीपलीकडच्या छबूबाई खडी फोडायच्या कामावरून परत येताना भेटल्या. हसत म्हणाल्या, "गुर्जी, तुमी जेवला की आमाला कळतंय. ढेकर ऐकला की आमची मंगल रडती. म्हनती, गुर्जींच्यात आज काय केलंय?"

मीही हसलो. घरी येऊन मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. अगं पोरी, तो पोट भरल्याचा नाही, नुसता वारा आहे! पण उपाशी लेकराला हे कुठल्या तोंडाने सांगू?

२० जानेवारी

आता पोट फुगलं की ओढ्याकडे जातो. कोरडा ठणठणीत ओढा, आणि बाभळीखाली शाळामास्तर ढेकर देत उभा! रतन म्हणते, "घरातच द्या की. चोरी केलीय का?"

तसंच वाटतं.

२९ जानेवारी

दुपारच्या सुट्टीत मी घरी जेवतो आणि पडवीत जरा आडवा होतो. मग रतन माझ्याच ताटात जेवायला बसते. आमच्यात रीतच ती. आज आतून दणदणीत ढेकर ऐकू आला. बाईमाणूस असून! एवढ्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. म्हणजे मिलोची भाकरी हिला मानवली म्हणायची. चला, हिचं तरी पोट भरतंय. एवढं एक ओझं उतरलं.

६ फेब्रुवारी

रोज ढेकर. रोज हायसं वाटतं.

११ फेब्रुवारी

नगरला तपासणी. डॉक्टर म्हणाले, घाईघाईने गिळता, हवा पोटात जाते, तीच वर येते. "ढेकर आला म्हणजे पोट भरलं असं नसतं, गुरुजी. रिकाम्या पोटी गटागटा पाणी प्यालात तरी येईल." सावकाश चावून खायला सांगितलं. एसटीत सगळा रस्ता पोट दोन्ही हातांनी धरून आलो.

संध्याकाळी रतन पाणी द्यायला आली तर बांगड्या पार कोपराकडे घसरलेल्या. म्हटलं, बारीक झालीस. म्हणाली, "उन्हानं." एवढ्यात कुठलं ऊन? पण मी माझ्याच पोटाच्या रडगाण्यात. पुढे विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी

छबूबाईंनी वाटेत थांबवून हात जोडले. "लई उपकार झाले, गुर्जी. रोज दुपारी मंगलला भाकरी येती तुमच्यातनं. मी नको म्हनलं, तर बाई म्हनल्या, पोरगी ह्यांच्या ढेकरापायी रडती, मला न्हाई ऐकवत. आन् आमच्यात उरतीयच."

उरते? आमच्यात?

१६ फेब्रुवारी

जेवलो. पडवीत न जाता दाराआड उभा राहिलो. रतनने ताट पुढे ओढलं. भाकरी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली. तांब्या तोंडाला लावला आणि गटागटा पाणी प्याली. मग पडवीकडे तोंड करून मोठ्याने ढेकर दिला.