मधले सहा दिवस

२ जून
नव्या कार्यालयात पहिला दिवस. खिडकीशी टेबल मिळालं, चहाही बरा. कंपनी इमारतींच्या लिफ्टची देखभाल करते, अहवाल माझ्याकडे. रोजच्या तपासणीच्या तारखा वेगवेगळ्या रकान्यांत विखुरलेल्या. त्या जोडून प्रत्येक लिफ्टसमोर एकच ओळ यावी म्हणून दुपारपर्यंत संगणकावर सूत्र लिहिलं: पहिली तारीख, मध्ये 'ते', मग शेवटची तारीख. 'दैनंदिन तपासणी १ ते ३१ मे.' व्यवस्थापक म्हणाले, बाई, पंचवीस पानांचं एक पान केलंत की. घरी येताना गुणगुणत होते.

५ जून
एक मुलगी आली होती. तिची आई एका इमारतीत सफाईचं काम करायची. मे महिन्यात इमारत सुटीसाठी बंद असताना सामानाच्या लिफ्टमध्ये अडकली. अठराला सापडली, तोवर सगळं संपलं होतं. मुलीच्या हातात चौकशीतून मिळालेला माझा अहवाल. शांतपणे म्हणाली, ताई, रोज तपासत होतात, तर आई कशी दिसली नाही?
मूळ रकाने उघडले. १२ ते १७ कोरे. माझ्या सूत्राने फक्त दोन टोकं पाहिली होती.

६ जून
त्या लिफ्टची तपासणी करणारे मिस्त्री म्हणाले, मेमध्ये सहा दिवस तापाने फणफणत होतो, फोन करून कळवलंही होतं. बदली कोणी गेलंच नाही. व्यवस्थापकांचं म्हणणं, अहवाल चौकशीला गेला, आता झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मान डोलावली. खोटं काही लिहिलं नाही, अशी मनाची समजूत घातली. मग खरं कुठे लिहिलं?

११ जून
'उद्या दुरुस्ती पाठवीन.' हे वाक्य पाच दिवस रोज लिहितेय, रोज खोडतेय.

१२ ते १७ जून
वरची तारीख अशी मी लिहिलेली नाही. अक्षर मात्र माझंच. मी फक्त बारा लिहून पेन टेकवलं होतं— नवरा म्हणतो, सहा दिवस कामावर जात होतीस, बोलत नव्हतीस. खोलीचं दार लावलं की आतून ठोठावायचीस. कडी तुझ्याच हाताशी असायची.
नखं तुटलीत. तहान भागत नाही.

१८ जून
दुरुस्ती टाइप केली. बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा: कोणी गेलं नाही. पडद्यावर एकच ओळ उरली. १ ते ३१. पुन्हा लिहिली. पुन्हा तीच—
हाताने लिहून मुलीकडे नेते. जिन्यानेच.

१९ ते
जिन्याने निघाले होते, एवढं आठवतं. फटीतून थोडा उजेड— कागद पिशवीतच आहे. घंटा दाबली. बाहेर कोणी म्हणतंय, या लिफ्टची तपासणी झाली आहे, नोंद आहे.
नोंद माझी आहे. तिच्यावर विसंबू नका. तारखा मोजा, एकेक मोजा, मधल्या—